श्रद्धा, वनवास, प्रेम आणि मोठं होणं : पुस्तक बदलायला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

परळला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं वाचनालय आहे. खाली पिठाची गिरणी. दळण टाकायचं आणि ते होईपर्यंत वर येऊन पुस्तक बदलायचं, ही इथली जुनी पद्धत. दुपारपर्यंत खालच्या दोन फळ्यांवर पिठाचा पातळ थर बसतो, संध्याकाळी मी आल्या आल्या फडकं मारते आणि मग खुर्चीत बसते. एकोणीस वर्षं झाली. लोक ‘एखादं चांगलं द्या’ म्हणतात आणि मग दोन-चार प्रश्नांनंतर खरं काय हवंय ते बाहेर येतं. तेच ते प्रश्न तोंडी सांगून घसा बसला, म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

हे चार विषय एकत्र कसे? श्रद्धेची पुस्तकं वेगळी, प्रेमाची वेगळी नसतात का?

फळीवर वेगळी लावता येतात. माणसांत लागत नाहीत. आमच्या भागात कुणालाही ‘गाव कुठलं?’ विचारा. परळ-लालबागमध्ये जन्मलेला, गावी चार वेळा गेलेला माणूससुद्धा चटकन मालवण, खेड, पाटण, जुन्नर असं काहीतरी सांगतो. म्हणजे घर कुठलंतरी सुटलेलं आहे. देव तिकडचा, जत्रा तिकडची, पहिलं प्रेम एक तर तिकडे राहिलेलं किंवा इकडे चाळीच्या जिन्यात झालेलं. अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना गावाकडं राहिली’ या छक्कडीत प्रेम, परागंदा होणं आणि संयुक्त महाराष्ट्राची लढाई एकाच दमात येते, आणि ऐकणाऱ्या गिरणी कामगाराला त्यात काही विचित्र वाटत नसे. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर कित्येक कुटुंबं उलटी गावाकडे गेली. ज्यांची मुलं तेव्हा सातवी-आठवीत होती, ती मुलं आता पन्नाशीत आहेत आणि आमची सभासद आहेत. त्यांनी ‘मोठं होण्यावर’ काही मागितलं की मी मनातल्या मनात घर सुटण्यावरचं पुस्तक शोधायला लागते. बहुतेक वेळा ते बरोबर लागतं.

एकच पुस्तक सांगायचं झालं तर?

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. यावर माझं कुणाशीही भांडण व्हायला तयारी आहे.

लक्ष्मीबाई १८६८ साली जन्मल्या. वडिलांना सोवळ्याओवळ्याचं पराकोटीचं वेड. लग्न लहानपणीच झालं, नवरा नारायण वामन टिळक म्हणजे कवी, लहरी, खिशात पैसा टिकू न देणारा आणि न सांगता घरातून निघून जाणारा. १८९५ च्या फेब्रुवारीत या टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको मागे राहिली. लहानग्या दत्तूला घेऊन ती बहिणीच्या आश्रयाने राहिली, काही काळ तर थेट पंढरपुरात. नवऱ्याने विठोबाला सोडलं आणि बायको त्याच्या दारात! पाचेक वर्षं दोघं वेगळी. मधे पत्रं, भांडणं, रडणं, पुन्हा पत्रं. मग ती नवऱ्याकडे परतली, आणि तरीही लगेच ख्रिस्ती झाली नाही. आधी स्वतःचं सोवळं स्वतःच्या हाताने, एकेक गाठ सोडवत सोडवलं, मग १९०० साली बाप्तिस्मा. म्हणजे श्रद्धा आली, बहिष्कार आला, प्रेम आलं. आणि मोठं होणं? बाई चाळिशीत, पन्नाशीत, अगदी शेवटपर्यंत मोठ्या होत राहतात. शाळेत न गेलेल्या या बाईंनी हे पुस्तक लिहिलं आणि ते १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं.

लोकांना वाटतं की एवढं दुःख म्हणजे पुस्तक जड असणार. उलट आहे. नवऱ्यावर चिडलेली बाई त्याची नक्कल करून दाखवते आहे, असं वाचताना वाटत राहतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा लोकलमध्ये हसले होते आणि शेजारच्या बाईंनी ‘कुठलं हो?’ म्हणून विचारलं होतं. बाजारात संक्षिप्त आवृत्त्याही मिळतात. घ्यायची तर पूर्ण घ्या. संक्षिप्तात नेमक्या फालतू वाटणाऱ्या गोष्टी कापलेल्या असतात आणि बाईंची गंमत त्या फालतू गोष्टींतच आहे.

‘वनवास’ म्हणजे नक्की काय धरायचं? हद्दपारी, विस्थापन, स्थलांतर?

मराठीत यासाठी शब्दांची रेलचेल आहे आणि प्रत्येकाचा वास वेगळा. ‘हद्दपार’ म्हटलं की राजाचा हुकूम डोळ्यांपुढे येतो. ‘तडीपार’ म्हटलं की पोलिसांचा. आमच्या भागात हा शब्द लहान मुलांनाही ठाऊक. ‘विस्थापित’ हा सरकारी कागदावरचा शब्द, धरणाच्या यादीतला. ‘परागंदा’ म्हणजे भीतीने किंवा कर्जाने पळालेला. ‘देशोधडीला लागणं’ यात पुन्हा परतायची आशाच नाही. आणि ‘वनवास’ सोसायचा असतो, पण चौदा वर्षांनी संपायचाही असतो. म्हणून कुणी ‘वनवासाचं पुस्तक’ मागितलं की मी विचारते, परत यायचंय की नाही?

परत यायची सोयच नाही, असं हवं असेल तर विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’. धरणात गाव गेलेल्यांची गोष्ट, १९९१ ची, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार. मोठी आहे आणि मधे मधे छाती दडपते. मुळात गावच नव्हतं, अशांची कहाणी हवी असेल तर लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’, १९८० चं. कैकाडी समाजातला मुलगा, गाढवांच्या पाठीवरचं बिऱ्हाड, आणि त्यातून शाळेत जायची धडपड. गाव सोडावं लागणं आणि गावाने आत घेतलंच नसणं यात किती फरक आहे, हे कळायला ही दोन पुस्तकं पाठोपाठ वाचावीत.

आणि समुद्रापलीकडची हद्दपारी? युद्ध, निर्वासित वगैरे?

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. १९३९ ची कादंबरी, पण ‘जुनी भाषा आहे का?’ असं विचारू नका, नाही. युरोपातून निघालेली बोट, बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू, आणि त्यांच्यात हर्टा नावाची तरुणी. चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण घरी परततो आहे. त्याच्याकडे घर आहे, तिच्याकडे नाही. तेवढ्या दिवसांत जे होतं ते प्रेमच आहे की दुसरं काही, याचा निकाल वाचणाऱ्याने लावायचा. माझं मत विचाराल तर चक्रधर भित्रा आहे आणि बेडेकरांना ते पुरतं ठाऊक आहे. बोट मुंबईला लागते. तो उतरतो. तिला उतरता येत नाही, बोट तिला घेऊन पूर्वेकडे पुढे जाते. मी हे पुस्तक संपवल्यावर कितीतरी दिवस बॅलार्ड पिअरच्या बाजूने बस गेली की खिडकीतून उगाच तिकडे बघत असे.

शेवट विचारू नका. एक सभासद दरवेळी शेवटचं पान आधी वाचतात, त्यांना मी हे पुस्तक देतच नाही.

याच मुंबईत, मांडवीला, १७९६ साली बांधलेलं बेने इस्रायल समाजाचं सिनेगॉग उभं आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’, घरात मराठी बोलणारे. त्यांच्यातले बहुतेक पुढे इस्रायलला गेले आणि तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिले. ज्या भूमीला परत जायचं म्हणून शतकानुशतकं प्रार्थना केली तिथे पोचल्यावर आठवण कोकणाची यायची! ‘रणांगण’ वाचून झालं की हे डोक्यात असू द्या.

फाळणीवर काही मागितलं तर मंटोच्या कथा. मंटो जानेवारी १९४८ मध्ये मुंबई सोडून पाकिस्तानात गेला आणि मुंबईला विसरू शकला नाही. उल्हासनगरचे एक सिंधी काका आमच्याकडे काही वर्षं यायचे. त्यांना मराठीतला मंटो दिला, तर म्हणाले, ‘हे आमच्या कॅम्पातलंच आहे, फक्त नावं बदललीत.’

लहान मुलाचा वनवास असतो का?

असतो, आणि त्याच नावाचं पुस्तक आहे. प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’, १९९४. लंपन नावाचा मुलगा आईवडिलांपासून लांब, बेळगावकडच्या एका गावात आजी-आजोबांकडे वाढतो. त्याला कुणी छळत नाही. आजी जीव लावते, शाळा आहे, मित्र आहेत, सुमी आहे. तरीही आत कुठेतरी ‘मला इथे का ठेवलंय’ हे कुसळ टोचत राहतं, आणि लंपन ते एकदाही सरळ बोलत नाही. झाडं, रेल्वे, पाऊस, पेटीचा आवाज यांच्याबद्दलच बोलतो. कानडी मिसळलेली त्याची मराठी पहिली दहा पानं अडखळायला लावते, मग ती तुमच्या तोंडात बसते. आमच्याकडे एका घरातले तिघे महिनाभर ‘मॅडसारखं’ बोलत होते.

लेखक म्हणजे कवयित्री इंदिरा संत यांचे चिरंजीव, पण कागदोपत्री नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित, कारण आजोळी दत्तक गेलेले. एवढं कळलं की पुस्तकाचं नाव दुसऱ्यांदा वाचावंसं वाटतं. पुढे ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. क्रमाने वाचा. ‘झुंबर’ आधी नेऊ नका. काही जण मिळेल ते उचलतात आणि मग मुलगा एकदम मोठा झालेला बघून गोंधळतात.

श्रद्धेवरची म्हणजे पोथ्या, चरित्रं, स्तोत्रं का?

ती डावीकडच्या कपाटात आहेत, त्यांना वेगळा वाचक आहे आणि तो मला काही विचारत नाही. इथे मी म्हणते ती पुस्तकं म्हणजे विश्वास बसताना, उडताना किंवा बदलताना माणसाचं काय होतं त्याची.

सुरुवातीला एक छोटा लेख वाचा : इरावती कर्व्यांचा ‘वाटचाल’, ‘परिपूर्ती’ या संग्रहातला. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ, देवभोळ्या अजिबात नाहीत, आणि पालखीबरोबर पंढरपूरला चालत निघाल्या. ज्या देशचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी महाराष्ट्राची व्याख्या त्यांना तिथे सापडली. पण त्याच वाटेवर, त्याच अभंगांच्या संगतीत, जातवार वेगळ्या दिंड्या आणि वेगळ्या पंगतीही दिसल्या. भारावून जाणं आणि अवघडून जाणं दोन्ही एकाच लेखात. दहा-बारा पानांत एवढं मावतं, हे बघून मला अजून नवल वाटतं. आमच्या इमारतीतून दरवर्षी दिंडी निघते. तिच्या आधीच्या आठवड्यात मी हे पुस्तक टेबलावर समोर ठेवते. कुणी नेतं, कुणी नाही.

देवाची भीती वाटेल असं हवं असेल तर चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’. समुद्र, दारिद्र्य, साक्षात्कार, आणि साक्षात्कार झालेल्या माणसाची होणारी वाताहत. रात्री वाचू नका, असं सांगणं म्हणजे रात्री वाचायला लावणंच आहे, हे ठाऊक असूनही सांगते.

हमीद दलवाईंची ‘इंधन’ फार कमी लोक नेतात, हे मला खटकतं. १९६५ ची कादंबरी. मुंबईहून बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला मुसलमान माणूस, स्वतः न मानणारा, आणि हिंदू-मुसलमान दोघांचंही नीट बघणारा. गावात ठिणगी पडायला इंधन कसं साठत जातं, ते दलवाई आवाज न चढवता सांगतात. पातळ पुस्तक आहे, दोन दिवसांत होतं.

वसईकडचे सभासद फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘नाही मी एकला’ मागतात, आणि ते बाकीच्यांनीही मागावं. ख्रिस्ती मराठीची वाट तशी जुनी आहे. फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ चं, ओव्यांमध्ये. ते मात्र मी कुणाला घरी नेऊन वाचा म्हणणार नाही, चार ओव्या मोठ्याने म्हणून बघा आणि परत ठेवा.

धम्माबद्दल : १९५६ नंतर घराघरांतले देव कसे उतरले, बायकांना ते सोपं गेलं की अवघड, हे उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये जेवढं घरगुती तपशिलाने येतं तेवढं भाषणांत येत नाही. कोकणातल्या मुलीची, बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या आईची आणि मग मुंबईच्या नोकरी-संसाराची ही कहाणी आहे. आई विणते, मुलगी लिहिते. बस, एवढंच.

प्रेमाचं द्या, पण रडारड नको.

हा प्रश्न दर शनिवारी येतो. पु. शि. रेग्यांची ‘सावित्री’ न्या. १९६२ ची, सगळी पत्रांत. पत्रं फक्त तिची. ज्याला लिहिली त्याची उत्तरं आपल्याला दिसत नाहीत. एक मुलगी प्रेमात पडून स्वतःला हरवत नाही, उलट सापडत जाते. त्यात लच्छी आणि मोराची एक गोष्ट आहे : मोर हवा तर आपणच मोर व्हायचं. हे वाक्य लग्नपत्रिकांवर छापलेलं मी पाहिलं आहे. ज्यांनी छापलं त्यांनी पुस्तक वाचलं असेल तर आनंद आहे.

परदेशी राहिलेली, लग्न मोडलेली, पुन्हा प्रेमात पडणारी, आणि त्याबद्दल माफी न मागणारी बाई हवी असेल तर गौरी देशपांडे. ‘तेरुओ’पासून सुरुवात करा. सासूबाईंच्या नावावरच्या वर्गणीवर नेत असाल तरी चालेल. आमच्याकडे सासूबाईच आधी वाचून गेल्या होत्या.

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’, २००६. घरी पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या एकाच मुलावर भाऊ आणि बहीण दोघांचाही जीव जडतो. आधी भाऊ सांगतो, मग बहीण. तो निघून गेल्यावर दोघं आपापल्या दुःखात एकटे. एका मुलाने हे पुस्तक दोन वेळा मुदत वाढवून ठेवलं होतं. मी काही विचारलं नाही, शिक्का मारून दिलं.

मुलगा नववीत आहे. ‘शाळा’ देऊ का?

द्या. मिलिंद बोकिलांची ही कादंबरी (२००४) नववीतल्या मुलाबद्दलच आहे. मुकुंद जोशी, त्याचे मित्र, बांधकाम अर्धवट राहिलेल्या बिल्डिंगमधला त्यांचा अड्डा आणि त्याला आवडणारी वर्गातली शिरोडकर. मागे आणीबाणीचे दिवस. मुलं जसं बोलतात तसं बोलतात, तेव्हा दोन-चार शिव्या आणि मुलींबद्दलची बडबड येणार. वडील आधी वाचतो म्हणून घेऊन गेले की पुस्तक मुलापर्यंत पोचत नाही, वडीलच अडकून बसतात. असं माझ्या टेबलावर किमान पाच वेळा झालं आहे.

‘श्यामची आई’ नववीतल्या मुलाला जबरदस्तीने देऊ नका. सहावीत द्यायला हवं होतं, किंवा आता तिशीत द्या. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं ते, आई जाऊन बरीच वर्षं झालेल्या माणसाने, बंद कोठडीत. हे लक्षात ठेवून मोठेपणी वाचलं की ते संस्कारांचं पुस्तक राहत नाही, पोरक्या माणसाचं होतं. पाठ्यपुस्तकांनी त्याचं थोडं नुकसानच केलं आहे.

भाऊ पाध्यांचं ‘वासुनाका’? मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांचं इतकं खरं पुस्तक दुसरं नाही, पण ते मुलगा स्वतः शोधून काढेल तेव्हाच त्यात मजा आहे. आईने दिलेलं ‘वासुनाका’ कोण वाचणार!

‘कोसला’ पन्नास पानांवर सोडली. माझं चुकलं का?

नाही. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ची लय एकदा कानात बसली तर बसली. खानदेशातला पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला येतो, काही जमत नाही, परत जातो. १९६३ साली नेमाड्यांनी एवढीच गोष्ट लिहिली आणि मराठी कादंबरी ढवळून निघाली. एकोणिसाव्या वर्षी ती वाचणाऱ्याला आपली वाटते, पन्नाशीत वाचणाऱ्याला पांडुरंगाच्या कानाखाली द्यावीशी वाटते. दोन्ही वाचनं बरोबर.

पण या पुस्तकाच्या बाबतीत चूक माझ्या हातून झाली आहे, ती सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी कॉलेजातला एक मुलगा आला. ‘घरात काही सुचत नाहीये, काहीतरी द्या.’ मला वाटलं परीक्षा, नापास, मुली. मोठ्या उत्साहाने ‘कोसला’ काढून दिली, वर ‘तुझ्याच वयाचा आहे’ असंही म्हटलं. त्याची धाकटी बहीण महिन्यापूर्वी गेली होती, हे मला ठाऊक नव्हतं. ज्यांनी ‘कोसला’ वाचली आहे त्यांना मनीचं प्रकरण आठवेल. पांडुरंगाची धाकटी बहीण देवीने जाते आणि पुस्तक तिथे आतून फाटतं.

पुस्तक चार दिवसांत परत आलं. तो आला नाही, त्याचे वडील दळण घ्यायला आले होते, त्यांनी ठेवलं. मी उघडलं तर नेमक्या त्या पानांत लोकलचा मुदत संपलेला पास, खूण म्हणून. पुढची पानं न उलटलेली, कडक. वडिलांनी खाली उतरता उतरता बोलता बोलता सांगितलं तेव्हा मला कळलं. त्या दिवसापासून मी ‘एखादं चांगलं द्या’ म्हणणाऱ्याला आधी विचारते, ‘घरी सगळं बरं ना?’ काहींना ते आगाऊपणाचं वाटतं. वाटू दे.

पास अजून माझ्या खणात आहे. तो मुलगा दोन वर्षांनी आला, ‘ती अर्धी राहिलेली’ म्हणून घेऊन गेला. यावेळी नियमाप्रमाणे पंधरा दिवसांनी परत केली. काही बोलला नाही. मीही नाही.

फक्त मुंबईतली हवीत.

दया पवारांचं ‘बलुतं’, १९७८. एक पाय गावच्या महारवाड्यात, एक पाय कामाठीपुऱ्याजवळच्या कावाखान्यात. दोन्हीकडे उपरा असलेला मुलगा. यात मुंबई सुटकेची जागा आहे आणि नरकाचीही, पवार दोन्हींपैकी काहीही लपवत नाहीत, स्वतःलाही नाही.

नारायण सुर्व्यांचं ‘माझे विद्यापीठ’ हा कवितासंग्रह. तान्हेपणी रस्त्यावर सापडलेलं पोर एका गिरणी कामगाराने वाढवलं, ते पुढे शाळेत शिपाई झालं, मग शिक्षक, मग कवी. ‘कविता कळत नाही’ म्हणणाऱ्या तीन जणांना मी हे पुस्तक खपवलं आहे.

किरण नगरकरांचं ‘रावण आणि एडी’ माझगावच्या चाळीत घडतं. हिंदू कुटुंबातलं तान्हं पोर गॅलरीतून पडतं, खालच्या ख्रिस्ती माणसाच्या अंगावर. पोर वाचतं, तो माणूस मरतो, आणि त्याचा मुलगा एडी अजून जन्मायचा असतो. दोन धर्म, एक चाळ, दोन मुलं मोठी होताना. सगळं मस्तीत सांगितलेलं.

आणि जेरी पिंटोंचं ‘एम आणि हूमराव’, शांता गोखल्यांनी मराठीत आणलेलं. माहीमचं लहानसं घर, मनाच्या आजाराशी झुंजणारी आई, सांभाळणारे वडील, दोन मुलं. घरातच असून हद्दपार झालेल्या आईचं आणि तिच्यावर प्रेम करता करता थकणाऱ्या मुलाचं हे पुस्तक आहे. घरी असा पेशंट असेल तर सांगा, मी आधी चार शब्द बोलेन आणि मग देईन.

अनुवाद चालतात का?

न चालायला काय झालं. दोन पानं उभ्याने वाचून बघा; वाक्य तोंडात अडकलं तर ठेवून द्या, मूळ पुस्तक कितीही थोर असो.

इंग्रजी माध्यमात शिकले आहे. मराठी बोलते, पण वाचायला वेळ लागतो.

‘शाळा’पासून सुरू करा, संवाद भरपूर आहेत. मग ‘वनवास’मधली एखादी कथा, मोठ्याने. घरात आजी असेल तर तिला ऐकवा, ती अडलेला शब्द सांगेल आणि मधेच स्वतःची गोष्ट सुरू करेल, ती थांबवू नका. ‘स्मृतिचित्रे’ तिसरं. वेगाची लाज बाळगू नका. आमचे सर्वांत वेगवान वाचक आठवड्याला चार रहस्यकथा नेतात आणि पुढच्या महिन्यात त्यातलीच दोन पुन्हा नेतात.

लोकलमध्ये वाचायला?

‘सावित्री’, ‘इंधन’, ‘रणांगण’, तिन्ही पर्समध्ये मावतात. कल्याण-कसाऱ्याकडचे असाल तर लंपनची एक कथा जाताना, एक येताना. ‘झाडाझडती’ उभ्याने वाचता येत नाही, मनगट दुखतं.

तुमच्याकडे नसेल तर कुठे मिळेल?

दादर पूर्वेला शारदा टॉकीजजवळ मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ पासूनचं. जुन्या आवृत्त्या बघायच्या तर तिथेच. विकत घ्यायचं तर दादर पश्चिमेला स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांत मराठी पुस्तकांची दुकानं आहेत. जुनी पुस्तकं फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या आसपासच्या फुटपाथवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी; मराठी तिथे कमी, पण खालच्या थरात हात घातलात तर सापडतं. ‘कोंडुरा’ची माझी प्रत तशीच मिळाली, आत कुणीतरी कुणालातरी वाढदिवसाला दिल्याचं शाईने लिहिलेलं होतं.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, गाव सोडून आमच्याकडे राहायला आली आहे. तिला काय द्यावं?

तिचाच वनवास चालू आहे, तेव्हा वनवासावरचं नको. ‘स्मृतिचित्रे’ द्या, अक्षर मोठं असलेली आवृत्ती बघून. नाहीतर तिला एकदा इथेच घेऊन या. जिना अवघड आहे, पण मधल्या वळणावर गिरणीवाल्याने स्टूल ठेवलं आहे. वर आली की ती स्वतः निवडेल. बायका इथे येऊन आधी गावं विचारतात, मग पुस्तकं.

पुस्तक किती दिवस ठेवता येतं? आवडलं नाही तर?

पंधरा दिवस, मुदत दोनदा वाढवून मिळते. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाला दंड नाही, हरवलेल्याला आहे. पावसात आणताना प्लास्टिकच्या पिशवीत आणा. खूण म्हणून पानं दुमडू नका. चिठ्ठी, तिकीट, पास काहीही चालेल. वेळ संध्याकाळी पाच ते साडेसात, सोमवारी बंद. दळण मात्र सातच्या आत उचला, गिरणीवाला थांबत नाही आणि मग डबे मला वर आणून ठेवावे लागतात.